स्थानकाची वास्तू आणि तेथला उतारू

प्रवास ही गोष्ट भारताला नवी नाही. तीर्थयात्रा, व्यापार आणि सैन्याच्या हालचाली यांमुळे या देशातील वाटा शतकानुशतके वाहत्या राहिल्या आणि त्या वाटांच्या कडेला वाटसरूंसाठी नाना प्रकारच्या वास्तू उभ्या राहिल्या. शेरशहाने सोळाव्या शतकात हमरस्त्यांवर सराया बांधविल्या. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी आणि धर्मशाळा यांवर मुक्त हस्ताने द्रव्य खर्च केले. गावोगावच्या लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे पार बांधले, पाणपोया घातल्या. या सर्व बांधकामांच्या मुळाशी एकच साधी जाणीव होती. येणारा माणूस थकलेला असतो. त्याला सावली, पाणी आणि पाठ टेकण्यापुरती जागा हवी असते. ती देणे हे पुण्यकर्म मानले जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या देशात आगगाडी आली, आणि तिच्याबरोबर रेल्वे स्थानक नावाची एक अगदी नवी वास्तू आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली, तेव्हा १४ डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित बसले होते, ३ इंजिने गाडी ओढीत होती आणि २१ तोफांची सलामी झडली होती. या समारंभाचे वर्णन पुष्कळदा झाले आहे. परंतु त्या दिवशी वाटसरूच्या जीवनात जो पालट झाला, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. धर्मशाळेत उतरलेला यात्रेकरू आपल्या सवडीने उठून चालू लागे. आगगाडीचा उतारू मात्र वेळापत्रकाने बांधला गेला. शेकडो माणसे एकाच वेळी एकाच ठिकाणी येऊ लागली, एकाच वेळी थांबू लागली आणि गाडी लागताच एकाच वेळी हलू लागली. अशा समुदायासाठी जागा कशी रचावी, हा प्रश्न बांधकामाच्या इतिहासात प्रथमच उपस्थित झाला होता. भारतातील स्थानकांचा पुढचा इतिहास म्हणजे वस्तुतः या प्रश्नाला मिळालेल्या बऱ्यावाईट उत्तरांचा इतिहास होय. वास्तुविद्येच्या ज्या विद्यार्थ्याला सार्वजनिक वाहतुकीची ठिकाणे रचण्याची आवड आहे, त्याने तो समजून घेणे अगत्याचे आहे.

आरंभीच्या उत्तरांपैकी एक लाहोरला पाहावयास मिळते. १८५७ च्या उठावाची धग निवते न निवते तोच, १८५९ मध्ये, तेथील स्थानकाचा पाया घालण्यात आला. विल्यम ब्रंटन याने रचलेली ती इमारत दिसावयास एखाद्या मध्ययुगीन गढीसारखी आहे. हे रूप केवळ शोभेचे नव्हते. तिच्या बुरुजांना बंदुका रोखण्यासाठी जंग्या ठेवल्या होत्या आणि प्रसंग पडल्यास फलाटावरील छपराखालचा सारा भाग दारे लावून बंद करून घेता यावा, अशी योजना होती. स्थानकात येणारा मनुष्य हा त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीने उतारू होताच. पण तो संभाव्य शत्रूही होता. वास्तूच्या नकाशात भय कसे उतरते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस हे याहून वेगळ्या मनःस्थितीचे अपत्य. १८७८ साली त्याचे काम सुरू झाले आणि १८८८ साली ते पूर्ण झाले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा त्याचा वास्तुशिल्पी. योजना हाती घेण्यापूर्वी तो युरोपात जाऊन तेथील मोठी स्थानके पाहून आला होता. उंच घुमट, त्याच्या माथ्यावर प्रगतीचे प्रतीक म्हणून उभी केलेली स्त्रीमूर्ती, प्रवेशद्वाराच्या खांबांवर बसलेले सिंह आणि वाघ, दर्शनी भागावर कोरलेली पाने, फुले, पशुपक्षी आणि मानवी मुखे हा सारा थाट पाहून आजही पाहणारा थबकतो. १९९६ साली या स्थानकाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले आणि २००४ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला.

या इमारतीच्या इतिहासात विद्यार्थ्यांचा वाटा आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तिच्यावरील कोरीव आणि शोभेच्या कामाचा मोठा भाग मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली केला. याच ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या होत्या. म्हणजे ज्या पिढीच्या हाताला अजिंठ्याच्या रेषांचे वळण लागले होते, त्याच पिढीने भारतातील एका श्रेष्ठ स्थानकाची दगडी पाने-फुले घडविली. परंतु त्या विद्यार्थ्यांना नकाशा काढावयाचा नव्हता. दरवाजा कोठे असावा, जिना किती रुंद असावा, उतारूंनी कोठे थांबावे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. दुसऱ्याने आखलेल्या वास्तूला अलंकार चढविणे एवढेच त्यांचे काम होते.

त्या नकाशाकडे पाहिले म्हणजे आणखी एक गोष्ट दिसते. घुमटाखालच्या त्या भव्य इमारतीचा बहुतेक भाग रेल्वे कंपनीच्या मुख्य कचेऱ्यांसाठी होता. उतारूंच्या वाट्याला तिकिटाचे देखणे दालन आले, नाही असे नाही. परंतु गाड्या ज्या छपरांखाली उभ्या राहत, ती छपरे इमारतीच्या बगलेला होती. शहराकडे तोंड करून उभा राहिलेला होता तो कंपनीचा कारभार. यात स्टीव्हन्सच्या प्रतिभेला उणेपणा नाही. कंपनीने जे मागितले ते त्याने अप्रतिम रीतीने दिले. प्रश्न एवढाच की, मागणाऱ्यांत उतारूचा आवाज कोठे होता?

त्या काळी उतारू तरी एक कोठे होता! पहिल्या आणि दुसऱ्या वर्गांसाठी खुर्च्या व पंखे असलेली विश्रांतिगृहे असत. तिसऱ्या वर्गासाठी बहुधा मुख्य इमारतीबाहेर एक अर्धी उघडी पडवी असे. तिलाच मुसाफरखाना म्हणत. अनेक स्थानकांवर हिंदूंचे पाणी वेगळे आणि मुसलमानांचे पाणी वेगळे अशी व्यवस्था होती. समाजातील भेद विटांनी आणि दगडांनी पक्के करण्याचे काम स्थानकाच्या नकाशाने केले. वास्तविक गाड्या भरत त्या तिसऱ्या वर्गाच्या उतारूंनी, आणि प्रवासी भाड्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यांच्याकडूनच येई. १९१७ साली गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर वृत्तपत्रांना जे प्रदीर्घ पत्र लिहिले, त्यात नेमका हाच हिशेब मांडला आहे. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपट असेल. पण तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एकपंचमांश तरी सोय मिळते काय, असा त्यांच्या विचारण्याचा आशय होता. गर्दी, घाण, पाणी आणि तिकिटासाठी होणारी दैना यांविषयी त्यांनी जे लिहिले ते स्वतः तिसऱ्या वर्गाने प्रवास करून लिहिले होते. त्या पत्रात वास्तुशास्त्राचा एकही पारिभाषिक शब्द नाही. तरीही भारतातील स्थानकांच्या रचनेवरील ती एक मूलभूत टीका मानावी लागेल. तिसरा वर्ग रेल्वेतून नाहीसा झाला तो पुढे १९७४ साली.

योगायोग असा की, ज्या वर्षी हे पत्र प्रसिद्ध झाले त्याच १९१७ साली मुंबईत वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांची एक संघटना स्थापन झाली. गेटवे ऑफ इंडियाचे शिल्पकार जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष झाले. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतून बाहेर पडलेल्या तरुणांचा हा लहानसा मेळावा १९२२ मध्ये मुंबईच्या वास्तुशिल्पींची संस्था बनला आणि १९२९ मध्ये त्याचेच रूपांतर ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ या अखिल भारतीय संस्थेत झाले. दगडावर पाने कोरणारा विद्यार्थी आता नकाशा काढणारा होऊ लागला होता.

या स्थित्यंतराच्या काळात कलाशाळेतील वास्तुविद्येचे अध्यापन क्लॉड बॅटली यांच्या हाती आले. १९१३ मध्ये भारतात आलेले हे इंग्रज वास्तुशिल्पी १९२३ पासून दोन दशके तेथे अध्यापन करीत होते. जुन्या इमारती प्रत्यक्ष मोजून त्यांचे नकाशे काढावयास लावणे हा त्यांच्या शिकवण्याचा गाभा होता. १९३४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय वास्तुकलेवरील ग्रंथ अशा मोजणीच्या रेखाटनांनीच भरलेला आहे. मुंबई सेंट्रल स्थानकाची रचना याच बॅटली यांनी केली. अवघ्या २१ महिन्यांत बांधून झालेले हे स्थानक १८ डिसेंबर १९३० रोजी खुले झाले आणि त्याच महिनाअखेर कुलाब्याचे जुने अंतिम स्थानक बंद झाले.

मुंबई सेंट्रलला बोरीबंदरचे वैभव नाही. त्याचा दर्शनी भाग साधा, जवळजवळ अबोल आहे. परंतु रस्त्यावरून आत आलेला उतारू एका मोठ्या दालनात येतो, तेथून सर्व फलाटांची तोंडे त्याला दिसतात आणि एकही पायरी न चढता तो आपल्या गाडीपाशी पोहोचतो. अंतिम स्थानकाचा हा मोठा गुण आहे. रूळ तेथे संपतात, त्यामुळे माणसाला ते ओलांडावे लागत नाहीत. सामान डोक्यावर घेतलेला हमाल, काठी टेकीत चालणारी म्हातारी, कडेवर मूल घेतलेली बाई या सर्वांना एकाच सपाटीवरून जाता येते. पाहणाऱ्याला दिपविण्यापेक्षा चालणाऱ्याला वाट दाखविणे महत्त्वाचे, हा विचार या वास्तूत दिसतो. तो एका शिक्षकाने रचलेल्या वास्तूत दिसावा, हे अर्थपूर्ण आहे.

मधल्या स्थानकाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे रूळ एका बाजूने येतात आणि दुसऱ्या बाजूने निघून जातात. मग माणसाने पलीकडे जावे कसे? त्यासाठी रुळांवरून पादचारी पूल टाकला जातो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर भारतातील पहिली विजेवर चालणारी गाडी धावली आणि मुंबईच्या उपनगरी वाहतुकीचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. गाड्या थोड्या थोड्या मिनिटांनी येऊ लागल्या. उतारू थांबतो थोडा आणि चालतो फार, अशी स्थिती झाली. अशा ठिकाणी स्थानकाचे खरे दालन म्हणजे तो पूल आणि त्याचा जिना होय. परंतु नकाशात त्याला दालनाचा मान मिळाला नाही. पूल ही अभियंत्याने बसवावयाची एक लोखंडी वस्तू, असेच मानले गेले.

त्या समजुतीची किंमत २९ सप्टेंबर २०१७ रोजी कळून आली. मुंबईच्या परळ आणि एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या अरुंद जिन्यावर सकाळच्या वेळी चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली. पाऊस कोसळत होता. आलेले उतारू पुलावर निवाऱ्यासाठी थांबले होते आणि मागून येणाऱ्या गाड्या नवी माणसे आणून सोडीत होत्या. या घटनेमागे दीर्घ इतिहास आहे. हा परिसर एके काळी गिरण्यांचा होता आणि गिरणी-कामगारांची वस्ती बव्हंशी तेथल्याच चाळींतून होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उठले आणि दूरच्या उपनगरांतून हजारो माणसे रोज सकाळी तेथे उतरू लागली. जमिनीचा उपयोग बदलला, माणसांचा ओघ बदलला. जिना मात्र तेवढाच राहिला. पुढे भारतीय लष्कराने तेथे नवा पूल उभारला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी एल्फिन्स्टन रोडचे नाव प्रभादेवी झाले.

गर्दीच्या गतीला नियम आहेत आणि ते शिकता येतात, ही गोष्ट तोपर्यंत अज्ञात होती असे नाही. १९७१ साली अमेरिकेतील जॉन फ्रुइन या अभियंत्याने पादचाऱ्यांच्या रचनेवर एक ग्रंथ लिहून चालणाऱ्या आणि थांबणाऱ्या समुदायाच्या निरनिराळ्या अवस्था मोजून दाखविल्या होत्या. मनुष्याभोवती मोकळी जागा असेतो तो आपल्या इच्छेने चालतो, पुढच्याला ओलांडतो, वाटेत थांबतो. जागा घटत गेली म्हणजे प्रथम त्याचा वेग जातो, मग दिशा निवडण्याचे स्वातंत्र्य जाते. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे दाटली म्हणजे त्या समुदायाला द्रवपदार्थाची अवस्था येते. एका टोकाला बसलेला धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि कोणाही एका माणसाची शक्ती किंवा शहाणपण तेथे उपयोगी पडत नाही. म्हणून अशा दुर्घटनांनंतर लोकांच्या बेशिस्तीला जो दोष दिला जातो, तो पुष्कळदा अन्यायाचा असतो. जिन्याची रुंदी, वळणाची जागा आणि बाहेर पडण्याच्या वाटांची संख्या यांनी त्या माणसांचे भवितव्य आधीच ठरवून टाकलेले असते.

स्थानकाकडे गर्दीची अडचण म्हणून न पाहता शहराचा कणा म्हणून पाहण्याचा प्रयत्नही याच प्रदेशात झाला. चार्ल्स कोरिया यांना बालपणापासून खेळातील आगगाड्यांचे वेड होते. रुळांची मांडणी, सांधे आणि वळणे यांच्या नकाशांतून आपल्याला वास्तुरचनेची गोडी लागली, असे ते सांगत. मिशिगन आणि मॅसॅच्युसेट्स येथे शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले. १९६४-६५ मध्ये प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यावर त्या शहराचे प्रमुख वास्तुशिल्पी म्हणून त्यांनी काही वर्षे काम केले. सार्वजनिक वाहतूक ही शहर आखून झाल्यावर जोडावयाची वस्तू नव्हे, तिच्या मार्गाभोवतीच वस्ती आणि कामाची ठिकाणे गुंफावीत, असा त्यांचा आग्रह होता. प्रत्यक्षात नव्या मुंबईत वाशीला पहिली गाडी पोहोचली ती मे १९९२ मध्ये. दोन दशकांहून अधिक काळ त्या शहराने आपल्या कण्याची वाट पाहिली. तेथील स्थानके प्रशस्त आहेत. पण जी गाडी शहराच्या आधी यावयाची ती मागाहून आली, हे विसरता येत नाही.

देशाच्या इतर भागांतही या विचाराला हळूहळू बळ आले. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी कलकत्त्यात भारतातील पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. २४ डिसेंबर २००२ रोजी दिल्लीची मेट्रो सुरू झाली. दिल्लीच्या स्थानकांत उद्वाहक, चढणीचे उतार आणि अंध उतारूच्या पायाला कळतील अशा उंचवट्याच्या फरशा यांची सोय आरंभापासून करण्यात आली. अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९५ साली झालेला होता. कायद्यातील शब्दाला फरशीचे रूप मिळाले ते येथे. चाकाच्या खुर्चीवरील उतारूला ज्या वाटेने जाता येते, त्या वाटेने सामानवाल्याला, वृद्धाला आणि गरोदर स्त्रीलाही सुखाने जाता येते, हा अनुभवही त्यातून मिळाला.

तथापि स्थानकाचा उपयोग रचनाकाराने योजला तेवढाच राहत नाही, हेही इतिहासाने दाखविले आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी कलकत्त्याच्या सियालदह स्थानकाच्या फलाटांवर संसार मांडले. तेथे चुली पेटल्या, मुले जन्मली, माणसे मेली. ज्यांना कोठेच जागा नव्हती त्यांना त्या छपराने जागा दिली. अवर्षण, दंगल किंवा पूर आला म्हणजे आजही माणूस स्थानकाकडे धावतो, कारण तेथे छप्पर, दिवा आणि दुसरी माणसे असतात. केवळ ओघ वाहून नेणारी नळी म्हणून स्थानक रचणारा, बसावयाचे बाकही गर्दीच्या भयाने काढून टाकणारा, या वास्तूचे अर्धे प्रयोजन गमावतो. वाहून नेणे आणि थांबू देणे या दोन्ही गोष्टी स्थानकाने करावयाच्या असतात, आणि त्यांचा मेळ घालणे हेच त्या रचनेतील खरे कठीण काम आहे.

वास्तुविद्येच्या विद्यार्थ्याचे स्थान या दीर्घ इतिहासात कसे बदलत गेले, हे पाहिले म्हणजे त्याची पुढची दिशाही स्पष्ट होते. १८८८ च्या पिढीने दुसऱ्याच्या नकाशावर अलंकार कोरले. बॅटलींच्या पिढीने जुन्या इमारती मोजल्या आणि नकाशा काढण्याचा अधिकार मिळविला. मुंबई, दिल्ली, पुणे, नागपूर, चेन्नई अशा अनेक नगरांत नवी स्थानके उभी राहत असताना आजच्या विद्यार्थ्यापुढे मोजणीचेच काम आहे. मात्र आता इमारतीबरोबर माणसे मोजावयाची आहेत. सकाळी नऊ वाजता एका जिन्यावरून मिनिटाला किती माणसे उतरतात, पाऊस आला म्हणजे ती कोठे थांबतात, पाण्याच्या नळापर्यंत किती पावले पडतात, रात्रीच्या शेवटच्या गाडीने उतरणाऱ्या बाईला कोणती वाट टाळावीशी वाटते, याच्या नोंदी हातात फीत आणि वही घेऊन तेथे उभे राहिल्यावाचून मिळत नाहीत. दर्शनी भागाचे चित्र काढण्यापूर्वी ही वही भरली, तर गांधीजींनी विचारलेल्या प्रश्नाला नकाशातूनच उत्तर देता येईल.